तांबडीचं बिऱ्हाड

तांबडी रोज दुपारी शेजारी जाते, ही गोष्ट आधी सगळ्या गल्लीला कळली आणि मग ग्रंथपालांना. ज्याच्या घरात असलं काही घडतं त्याला ते शेवटीच कळायचं असतं. सांगितलं नर्सबाईंनी. नर्सबाई समोरच्या घरात राहत. नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या, पण दुसऱ्याची नाडी बघायची सवय काही सुटली नव्हती.

“ग्रंथपाल, तुमची तांबडी हल्ली ड्रिलमास्तरांकडे असते वाटतं?” भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत त्या म्हणाल्या. “नाही, आपलं सहज विचारलं. तुम्ही वाचनालयात गेलात की जाते, आणि तुमची सायकल कोपऱ्यावर दिसली की परत येते. मला काय करायचंय म्हणा!”

तांबडी ही कोंबडी होती, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर वाचकाचं मन भलतीकडे जायचं. ग्रंथपालांचं मन मात्र नेमकं भलतीकडेच गेलं. सायकलचं हँडल धरून ते तिथेच उभे राहिले. कोंबडी शेजारी जाते याचं एक वेळ काही नाही. पण आपली सायकल दिसली की परत येते, म्हणजे आपण करतो ते बरं नाही हे तिला कळतं, ही गोष्ट त्यांच्या फार जिव्हारी लागली.

मेहुण्याने या कोंबड्या आणून दिल्या तेव्हा ग्रंथपालांनी नाक मुरडलं होतं. एक काळी, एक तांबडी. काळी सरळमार्गी, वेळच्या वेळी अंडं घालणारी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. अशांच्या गोष्टी होत नाहीत, त्यामुळे तिचा विषय इथेच संपला. तांबडीचं तसं नव्हतं. ती पहिल्याच दिवशी ग्रंथपालांच्या चपलेवर येऊन उभी राहिली आणि मान वाकडी करून त्यांचं बोलणं ऐकू लागली.

याला कारण होतं. ग्रंथपालांचा उभा जन्म लोकांना ‘हळू बोला’ म्हणण्यात गेला होता. दुसऱ्यांचे आवाज खाली आणता आणता त्यांचा स्वतःचाच आवाज इतका खाली गेला की घरात तो कोणाला ऐकूच येईना. ‘चहा’ म्हटलं की बायको विचारी, “काय म्हणालात?” दुसऱ्यांदा म्हटलं की ती म्हणे, “अहो, ओरडता कशाला?” मुलगी कायम कानात काहीतरी घालून बसलेली. तांबडीला मात्र तो दबका आवाज भलताच आवडला. ते मागच्या दारात उभं राहून नुसतं “ये गं” असं पुटपुटले की ती अंगणाच्या कुठल्याही कोपऱ्यातून धावत येई आणि त्यांच्या तळहातावरचे दाणे टिपी. दुसऱ्या कोणाच्या हातून खात नसे. त्या घरात ग्रंथपालांच्या हाकेला ओ देणारा एवढा एकच जीव होता, आणि आता तोही शेजारी जाऊ लागला होता.

आणि शेजारी कोण, तर ड्रिलमास्तर! शाळेतून निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी उतरली नव्हती. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा दूर नोकरीला. घरात ते आणि त्यांचा वासराएवढा कुत्रा, मेजर. रोज सकाळी अंगणात दोघांची कवायत चाले. “मेजर, बैस! मेजर, ऊठ! मेजर, चेंडू!” मेजर जुने टेनिसचे चेंडू तोंडात धरून आणी आणि आपल्या लाकडी घरात नेऊन ठेवी. कोंबड्या आल्या त्या दिवशीच मास्तरांनी कमरेएवढ्या भिंतीपलीकडून बजावलं होतं, “ग्रंथपाल, तुमच्या कोंबड्यांनी माझी वांग्याची रोपं उकरली तर याद राखा. आमचा मेजर एका घासात एक कोंबडी संपवेल. मग मला सांगायला येऊ नका!” मेजर तेव्हा भिंतीवर पाय ठेवून असा भुंकला की तांबडी दोन दिवस ग्रंथपालांच्या सायकलमागून हलली नाही. भीक नको पण कुत्रा आवर म्हणतात, तशी सगळ्या घराची गत झाली होती.

त्याच मास्तरांकडे ती दुपारी जाते! ग्रंथपालांच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. ग्रंथपाल चहा घेत असताना मास्तर स्वतःच दारात हजर झाले. तळहातावर एक अंडं होतं.

“वहिनी! ही तुमची ठेव! आमच्या हद्दीत सापडली. मास्तराच्या घरात दुसऱ्याची वस्तू राहत नाही.”

“अगंबाई! मी म्हणतेय तांबडीची अंडी गेली कुठे!” बायकोने अंडं पदराने पुसून घेतलं. “बसा ना, चहा टाकते.”

“मास्तर, पण तुमचा कुत्रा…” ग्रंथपाल म्हणाले.

“काय म्हणालात?”

“कुत्रा!”

“ओरडता कशाला?” मास्तर आणि बायको एकदम म्हणाले. “मेजर माझ्या हुकमाशिवाय जांभईसुद्धा देत नाही,” मास्तरांनी पुढे सांगितलं. “आणि खरं सांगू का वहिनी, जनावराला शिस्त कळते. तुमची कोंबडी आमच्याकडे अगदी रमते.”

रमते! हा शब्द ग्रंथपालांच्या कानात दिवसभर घुमत राहिला. जेवताना घुमला, दुपारी डोळा लागता लागता घुमला. मास्तर गेल्यावर बायको म्हणाली, “किती सरळ माणूस! दुसरा असता तर खाऊन मोकळा झाला असता.” आणि मास्तरांनी चहाचा कप स्वतः नेऊन मोरीत ठेवला याचं कौतुक तिने संध्याकाळपर्यंत केलं. ग्रंथपाल जळून कोळसा झाले. सोमवारी वाचनालयात गेल्या गेल्या त्यांनी व्यायामाची सगळी पुस्तकं उचलून सर्वांत वरच्या फळीवर ठेवली, जिथे शिडीशिवाय कोणाचा हात पोचत नाही.

आता मत्सर ही गोष्ट चारचौघांत बोलून दाखवता येत नाही. कोंबडीवरून तर नाहीच नाही. म्हणून ग्रंथपालांनी जाहीर केलं की तांबडीचा जीव धोक्यात आहे, कुत्र्याचा काही भरवसा नसतो आणि मुक्या जिवाला जपणं हे आपलं कर्तव्य आहे.

“आधी तर परत पाठवा म्हणत होतात,” बायको म्हणाली.

“तेव्हा तिची ओळख नव्हती,” ग्रंथपाल म्हणाले. सुदैवाने ते कोणाला ऐकू गेलं नाही.

संरक्षणाचं काम हाती घेतल्याचं कळताच सल्ला द्यायला गल्ली लोटली. उंटावरून शेळ्या हाकायला माणसं कधी कमी पडत नाहीत. कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला, भिंतीवर तारेची जाळी लावा. ग्रंथपालांनी दोन रविवार खपून जाळी लावली. हाताला तीन चिकटपट्ट्या लागल्या, त्या औषधवाल्याकडूनच घेतल्या. तांबडी उडून जाळीच्या काठावर बसली, तिच्या वजनाने जाळी हळूहळू पलीकडे वाकली आणि बाईसाहेबांना मास्तरांच्या अंगणात अलगद उतरवून परत ताठ झाली. जिना बांधला असता तरी इतकी सोय झाली नसती.

मग नर्सबाई आल्या. “एका बाजूच्या पंखाची पिसं छाटा. दुखत नाही, आपली नखं कापावी तसं. तोल जातो, उडता येत नाही.” पिसं त्यांनीच सफाईने छाटली. तांबडीने ग्रंथपालांकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांना तिची क्षमा मागावीशी वाटली. दुसऱ्या दिवसापासून ती भिंतीखालच्या सांडपाण्याच्या भोकातून चालत जाऊ लागली. ग्रंथपालांनी भोकात वीट बसवली. बायकोने मोरीत धुणं काढलं तेव्हा पाण्याला वाट राहिली नाही. ते आधी मोरीत, मग स्वयंपाकघरात आणि शेवटी मुलीच्या वह्या जिथे जमिनीवर पसरल्या होत्या तिथे गेलं. त्या दिवशी मुलीने कानातलं काढलं आणि बऱ्याच महिन्यांनी बाबांशी सलग बोलली. ते बोलणं इथे देत नाही.

वीट काढून जाळी बसवली, तर तांबडीने नवी वाट शोधली: धुण्याच्या दगडावरून पाण्याच्या टाकीवर, टाकीवरून जाळीच्या काठावर, तिथून नेहमीसारखी ती वाकवून खाली. एवढी बुद्धी आपण शिकवलेल्या कोणात दिसली असती तर ग्रंथपालांना अभिमान वाटला असता. पण ही सगळी बुद्धी मास्तरांकडे जाण्यासाठी खर्च होत होती.

शेवटी ठरलं की भिंतच वाढवायची. नगरपालिकेच्या बांधकाम खात्यातल्या कारकुनाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वाचनालयाचा सभासद असल्यामुळे तो हळू बोलत होता, तेवढंच बरं वाटलं.

“सामाईक भिंत आहे. शेजाऱ्याचं ना हरकत पत्र लागेल.”

“पण शेजाऱ्यासाठीच तर भिंत वाढवायची आहे!”

“म्हणजे शेजाऱ्याला हवी आहे?”

“त्याला नको आहे. त्याच्या कुत्र्यापासून…”

“मग त्याची हरकत नाही असं त्याच्याकडून लिहून आणा,” कारकून म्हणाला. “हरकत असली तर वाढवता येणार नाही. नसली तर वाढवायची गरज काय, असा प्रश्न वरचे लोक विचारतील. पण तो नंतरचा भाग.”

म्हणजे ज्याच्याविरुद्ध भिंत घालायची त्याच्याच दारात पत्र मागायला जायचं! ग्रंथपालांनी स्वाभिमान खुंटीला टांगला आणि गेले. मास्तरांनी फाटकातच उभं केलं.

“कारण लिहा,” मास्तर म्हणाले. “कारणाशिवाय मी सही करत नाही. शाळेत असतानाही केली नाही.”

खरं कारण लिहिण्यासारखं नव्हतं. ‘माझी कोंबडी तुमच्याकडे रमते आणि ते मला सहन होत नाही’ असं लिहिलं असतं तर गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली नसती. ग्रंथपालांनी लिहिलं, ‘कुत्र्यापासून कोंबडीचे संरक्षण.’

मास्तरांनी वाचलं आणि त्यांचे कान लाल झाले. “ही मेजरची बदनामी आहे! आजवर त्याने तुमच्या कोंबडीचं एक पीस तरी उपटलं का? उलट तुम्हीच तिचे पंख कापलेत! आता तर भिंत एक वीटसुद्धा वाढायची नाही!” आणि त्यांनी शिट्टी वाजवली. शिट्टी कोणासाठी होती ते कळलं नाही, पण ग्रंथपाल घरी आले.

त्यानंतर एका संध्याकाळी सायकल कोपऱ्यावर आली तरी तांबडी परतली नाही. ग्रंथपालांनी मागच्या दारात “ये गं, ये गं” करून पाहिलं. टाकीवर चढून पाहिलं. पलीकडून भुंकणं नाही, कवायत नाही, शिट्टी नाही. ज्या कुत्र्याचं भय आपण नुसतं सांगण्यापुरतं पुढे केलं, ते आता खरं झालं होतं. मत्सर कुठच्या कुठे पळाला. एका घासात एक कोंबडी, असं मास्तर म्हणाले होते. चपला न घालता ते धावत सुटले, फाटक ढकललं आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडले, “माझी तांबडी कुठे आहे?”

मास्तर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. बोटाला फडकं गुंडाळलेलं होतं. मेजर त्यांच्या खुर्चीखाली मावत नसताना मावायचा प्रयत्न करत होता.

“हळू बोला,” मास्तर म्हणाले. “तिला आवाज झालेला चालत नाही.”

मेजरच्या लाकडी घरात, मेजरच्या गोणपाटावर, अंग फुगवून तांबडी बसली होती. खाली मेजरचे तीन चेंडू. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबासुद्धा इतक्या अधिकाराने बसत नसेल. मास्तर रोज अंडी उचलून प्रामाणिकपणे वहिनींना पोचवत होते, चेंडू तेवढे राहिले होते. तिने चेंडूंनाच आपलं म्हटलं होतं. तांबडी खुडूक झाली होती, उबवायला बसली होती.

“दोन दिवस झाले, तिची कुरबुर चालली होती. आज उठेचना,” मास्तरांनी कबूल केलं. “हात घातला तर चोचीने फोडून काढते. मेजरने नुसतं नाक पुढे केलं, तर त्याचं नाक…” मास्तरांनी खुर्चीखाली हात घालून मेजरला थोपटलं. “अहो, ती इकडे यायला लागली त्या पहिल्या दिवसापासून तो तिला घाबरतो. ती आली की हा आपणच घराबाहेर येऊन उभा राहतो. मी तुम्हाला ते कसं सांगणार?”

तेव्हा रमते म्हणजे मास्तरांपाशी नव्हे! अंधारी जागा, मऊ गोणपाट आणि तिला भिणारा घरमालक, एवढ्यासाठी तिने बिऱ्हाड केलं होतं. ग्रंथपालांच्या छातीवरचा धोंडा उतरला. ते लाकडी घरासमोर बसले, नेहमीच्या आवाजात म्हणाले, “काय गं, उपाशी आहेस ना?” आणि हात आत घातला. तांबडी फिस्कारली, थांबली, मान वाकडी केली आणि त्यांच्या तळहातावरचे, मास्तरांच्या डब्यातले दाणे टिपू लागली.

मास्तर बघत होते. ग्रंथपालांनी ते बघणं बघितलं. स्वतःच्या फडकं बांधलेल्या बोटाकडे आणि मग ग्रंथपालांच्या धडधाकट हाताकडे मास्तर ज्या नजरेने पाहत होते, ती नजर ग्रंथपालांना चांगली ओळखीची होती. गेले काही आठवडे ते दाढी करताना आरशात तीच पाहत होते. आपला कोणी हेवा करावा, हा अनुभव त्यांना जन्मात आला नव्हता. फार गोड असतो तो. त्यांनी दाणे मुद्दाम सावकाश भरवले.

पुढचे काही दिवस मग सल्ल्यांचे गेले. नर्सबाई म्हणाल्या, थंड पाण्यात बुडवा, खूळ उतरतं. औषधवाला म्हणाला, टोपलीखाली झाका. पशुवैद्य म्हणाले, काही करू नका, रोज खायला-प्यायला घाला, कंटाळली की उठेल. तेवढ्यासाठी ग्रंथपाल रोज सकाळ-संध्याकाळ मास्तरांच्या अंगणात जाऊन बसत. तांबडीशी इकडचं तिकडचं बोलत. वाचनालयात काय झालं, कोणी पुस्तकाची पानं फाडली, सगळं. मास्तर शिट्टी खिशात घालून लांब उभे राहत. “काय बोलता हो एवढं?” एकदा त्यांनी विचारलं. “काही नाही, आपलं सहज,” ग्रंथपाल नर्सबाईंच्या सुरात म्हणाले.

हे सगळं आणखी एक जण ऐकत होता. मेजरने जन्मभर बैस आणि ऊठ यापलीकडे काही ऐकलं नव्हतं. घर गेलेलं, चेंडू गेलेले. वाचनालयातल्या फाटक्या पानांची कहाणी ऐकता ऐकता तो जवळ सरकला, मग आणखी जवळ, आणि एका संध्याकाळी ग्रंथपाल घरी निघाले तर हा मागोमाग. व्हरांड्यात त्यांच्या खुर्चीखाली जाऊन पडला. बायको किंचाळली. मुलगी म्हणाली, “बाबा, हा तुमचं ऐकतो?” त्या प्रश्नात जो आदर होता त्यासाठी ग्रंथपालांनी वाघालाही ठेवून घेतलं असतं.

पलीकडून शिट्टी वाजली. मेजरने एक कान उचलला, परत टाकला आणि हनुवटी ग्रंथपालांच्या चपलेवर ठेवली. शिट्टी पुन्हा वाजली, जरा लांबवून. तिसऱ्यांदा अर्ध्यातच थांबली.

मग एका सकाळी तांबडी उठली. चेंडूंकडे एकदा पाहिलं, अंग झाडलं आणि भिंत, टाकी, भोक सगळं सोडून रस्त्याने, फाटकातून, पुढच्या दाराने घरी आली आणि ग्रंथपालांच्या मांडीवर चढली. खुर्चीखाली मेजर, मांडीवर तांबडी, हातात चहा, तोही एकदाच मागून मिळालेला. मेजरचं घर आता मोकळं झालं होतं, पण मेजर जायचं नाव काढत नव्हता. ग्रंथपालांना वाटलं, सुखाची व्याख्या कोणत्याही कोशात नीट दिलेली नाही.

तेवढ्यात मास्तर आले. गळ्यात शिट्टी नव्हती. हातात कागद होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि दुसरीकडे पाहत उभे राहिले.

“भिंत सहा फूट करायची म्हणतो. तुमचं ना हरकत पत्र लागेल.”

ग्रंथपालांनी वाचलं. कारण लिहिलं होतं, ‘कोंबडीपासून कुत्र्याचे संरक्षण.’ त्यांना हसू आलं. मग मास्तरांचा दाढी न केलेला चेहरा दिसला आणि हसू ओठातच राहिलं. या माणसाच्या घरात दुसरं कोणी नाही, हे त्यांना एकदम जाणवलं.

“मास्तर, भिंत कशाला?” ते म्हणाले. “असे बसा. त्याला हुकूम सोडू नका. नुसतं बोला. हळू.”

“हळू म्हणजे?”

“कोणी वाचत बसलंय असं समजा.”

मास्तर खुर्चीच्या कडेवर टेकले. घसा खाकरला. त्या गळ्यातून आजवर न निघालेला एक बारीक, चाचरता आवाज निघाला. “मेजर… अरे, रात्री झोप लागत नाही रे घरात.”

मेजर ताडकन उठला. ग्रंथपालांच्या चपला तुडवत मास्तरांकडे गेला आणि त्यांच्या गुडघ्यांत तोंड खुपसलं. मास्तरांनी दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं. दारातून बायकोने पदर डोळ्यांना लावला. ग्रंथपालांनाही भरून आलं. आपण किती मोठ्या मनाचे आहोत, असं त्यांच्या मनात येऊ लागलं होतं.

“शहाणा आहेस,” मास्तर त्याच आवाजात पुटपुटले. “तुझे चेंडू ठेवलेत मी धुऊन.”

ग्रंथपालांच्या मांडीवर हालचाल झाली. तांबडीने मान वर केली. मग मास्तरांकडे वळवली. मग ती वाकडी केली, अगदी पहिल्या दिवशी केली होती तशी. खाली उडी मारून ती तुरुतुरु गेली आणि मास्तरांच्या चपलेवर उभी राहून पुढचं ऐकू लागली.

“अरेच्चा!” मास्तर आनंदाने म्हणाले. “रमली की!”

ग्रंथपालांनी खिशातलं पेन काढलं, कागद पुढे ओढला, ‘सहा फूट’ खोडून ‘आठ फूट’ केलं आणि सही ठोकली.